रंगहीन शैवाल, कर्करोगी रुग्ण आणि आपली जबाबदारी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात वैद्याला एक मोठा दिलासा देऊन ठेवला आहे. सर्वच विकारांना निश्चित नावे असतात असे नाही. म्हणून एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही तर वैद्याने लाज बाळगू नये, असे ते सांगतात. आपल्यापैकी प्रत्येकाने हे वचन विद्यार्थिदशेत पाठ केले आहे आणि पुढे व्यवसायात, विशेषतः अडचणीच्या प्रसंगी, त्याचा आधारही घेतला आहे. तथापि त्याच ठिकाणी आचार्यांनी विकाराची प्रकृती, अधिष्ठान आणि समुत्थान जाणून घेऊन मगच चिकित्सेस प्रवृत्त व्हावे, असे बजावले आहे. वचनाचा पहिला भाग आपल्या सोयीचा असल्याने तो लक्षात राहतो. दुसरा मात्र विस्मरणात जातो. कर्करोगाच्या रुग्णांत क्वचित आढळणाऱ्या एका शैवालजन्य संसर्गाच्या निमित्ताने हा दुसरा भाग वैद्यबंधुभगिनींसमोर आणि औषधनिर्मात्यांसमोर पुन्हा मांडावा, हा या लेखाचा हेतू आहे.

आमचा अनुभव

प्रारंभीच आमच्या हातून घडलेली एक चूक नमूद करणे अगत्याचे आहे. काही वर्षांपूर्वी पंचावन्न वर्षे वयाचे एक शेतकरी गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. त्यांना लसीकाग्रंथींचा कर्करोग म्हणजे लिम्फोमा झालेला होता व शहरातील एका रुग्णालयात दर एकवीस दिवसांनी केमोथेरपी चालू होती. तीत प्रेडनिसोलोनचा समावेश होता. गोठ्याच्या भिंतीला कोपर घासून झालेली जखम भरत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. कोपराच्या मागील बाजूस लालसर, किंचित कठीण असा उत्सेध होता. मध्यभागी उथळ व्रण, पातळ अल्पस्राव, वेदना बेताची आणि ज्वर नाही, अशी लक्षणे होती. आम्ही दुष्टव्रण असे निदान केले. त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन, जात्यादि तेलाची पट्टी आणि पोटात गंधक रसायन व आरोग्यवर्धिनी, अशी चिकित्सा सुरू केली. पहिल्या दहा दिवसांत स्राव कमी झाला. रुग्णाला बरे वाटले आणि आम्हालाही.

पाचव्या आठवड्यात व्रणाच्या कडेला आणखी तीन गाठी उमटल्या. त्यांच्या मुलाने भीत भीत विचारले, "डॉक्टरसाहेब, एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ का?" आम्ही म्हणालो, "आणखी आठ दिवस थांबू." ते आठ दिवस आजही आमच्या मनातून जात नाहीत.

पुढे रुग्णालयात बायोप्सी झाली. प्रथम 'यीस्टसदृश पेशी' असा अहवाल आला आणि त्यानुसार औषध सुरू झाले, पण गुण येईना. दुसऱ्या विकृतितज्ज्ञाने तीच काचपट्टी पुन्हा पाहिली, तेव्हा प्रोटोथेका नावाच्या शैवालाचे निदान झाले. शस्त्रकर्माने दूषित भाग काढावा लागला व इट्राकोनॅझोल हे औषध कित्येक महिने द्यावे लागले. हे औषध आणि केमोथेरपीतील व्हिनक्रिस्टीन एकत्र आल्यास मज्जातंतूंना गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे केमोथेरपीचे दोन टप्पे पुढे ढकलावे लागले. जखम अखेर भरली. पण कर्करोगाच्या चिकित्सेतील जे दिवस त्या गृहस्थांनी गमावले, त्यांतील काही आमच्या खात्यावर आहेत हे आम्ही नाकारू शकत नाही.

हे शैवाल कोणते?

शैवाल म्हटले की विहिरीच्या पायरीवरचा हिरवा, निसरडा थर डोळ्यांपुढे येतो. प्रोटोथेका हे त्याच कुळातील, क्लोरेला या हिरव्या शैवालाचे जवळचे आप्त. परंतु त्याने हरितद्रव्य गमावले आहे. सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करण्याची शक्ती नसल्यामुळे ते कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर जगते. जर्मन संशोधक विल्हेल्म क्रूगर यांनी १८९४ मध्ये वृक्षांच्या खोडातून पाझरणाऱ्या चिकट स्रावात त्याचा प्रथम शोध लावला. त्या काळी त्याची गणना बुरशीत झाली होती. मानवातील पहिला रुग्ण १९६४ मध्ये नोंदला गेला. तो पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशातील भातशेती करणारा शेतकरी होता आणि विकृती त्याच्या पायाच्या त्वचेवर होती. अनवाणी पायाने चिखलात उभे राहून भातलावणी करणाऱ्या आपल्या कोकणातील व मावळातील रुग्णांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. भारतातूनही अशा रुग्णांची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत.

साचलेले पाणी, सांडपाणी, माती, जनावरांचे शेण आणि झाडांचा स्राव ही याची नित्याची वसतिस्थाने होत. दुभत्या गायींत यामुळे कासदाह होतो. तो औषधांना दाद देत नाही व बहुधा ते जनावर कळपातून काढावे लागते. गायींतील या जातीस पूर्वी प्रोटोथेका झोफीचा एक प्रकार मानीत. २०१९ मध्ये तिला प्रोटोथेका बोव्हिस असे स्वतंत्र नाव मिळाले. मानवातील बहुतांश संसर्ग प्रोटोथेका विकरहामी या जातीमुळे होतात.

जगभरातील नोंदलेले रुग्ण काही शेकड्यांत मोजता येतील इतकेच आहेत. त्यांचे तीन प्रकार मानले जातात. पहिला त्वचा व त्वचेखालील धातूंचा, जो सर्वाधिक आढळतो. दुसरा कोपराच्या मागील द्रवपिशवीचा, जो बहुधा मार लागल्यावर उद्भवतो. तिसरा सर्वशरीरगत प्रकार विरळ, परंतु घातक आहे. ल्युकेमिया, लिम्फोमा, अवयवरोपण अथवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांत तो विशेषतः दिसतो. शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नलिकाही शैवालाचे प्रवेशद्वार ठरू शकते. अमेरिकेत ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील तज्ज्ञांनी २००३ मध्ये कर्करोग्यांतील या संसर्गाचा स्वतंत्र आढावा घेतला. जगातील एका अग्रगण्य केंद्राला या विरळ विषयावर लिहावेसे वाटले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

बीज दुबळे, क्षेत्र त्याहून दुबळे

निरोगी मनुष्याच्या त्वचेवर किंवा आतड्यांत हे शैवाल काही काळ राहिले तरी सहसा काही बिघडत नाही. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्याचा समाचार घेतात. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत या पेशींची संख्या सर्वांत खाली जाते. एका मायक्रोलीटर रक्तात ती पाचशेच्या खाली गेली की ज्या सूक्ष्मजीवांची आपण एरवी दखलही घेत नाही, ते प्राणघातक ठरतात. स्टेरॉइडमुळे उरलेल्या पेशींचे कार्यही मंदावते. व्याधिक्षमत्व आणि ओज यांविषयी आपण व्याख्याने देतो. त्यांचा क्षय म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर या काळातील रुग्णाकडे पाहावे. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेबरोबर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात जो कहर केला, त्याचा धडा हाच होता. ती बुरशी सदैव आपल्याभोवती होती. मधुमेह व स्टेरॉइड यांनी तिला क्षेत्र मोकळे करून दिले.

येथे एका मोहापासून सावध केले पाहिजे. विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात रक्तज कृमींपैकी काही अतिसूक्ष्म असल्याने दिसत नाहीत असे वर्णन आहे. त्यावरून 'प्रोटोथेका म्हणजे रक्तज कृमीच' असे समीकरण मांडणे सोपे आहे. त्यातून आपल्या शास्त्राचा गौरव होतो असे आम्हाला वाटत नाही. आचार्यांनी सूक्ष्म कृमींची कल्पना केली हा त्यांच्या बुद्धीचा विशेष खराच. परंतु हे विशिष्ट शैवाल ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. आमच्या रुग्णाच्या बाबतीत तो आम्ही पाच आठवडे नाकारला.

त्याच अध्यायातील चिकित्सासूत्र मात्र आजही तंतोतंत उपयोगी आहे. अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन हे ते तीन उपाय. त्वचेतील मर्यादित विकृती शस्त्राने काढून टाकतात, हे अपकर्षण. ॲम्फोटेरिसिन बी किंवा इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांसारखी औषधे देऊन शैवालाचा नाश करतात, हा प्रकृतिविघात. ही दोन्ही कार्ये आज रुग्णालयाची आहेत. तिसरे, निदानपरिवर्जन, हे मात्र बव्हंशी आपल्या हाती आहे आणि तेथेच आपण कमी पडत आहोत.

वैद्यांनी काय करावे?

केमोथेरपी घेणारा रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा 'शक्ती वाढविण्यासाठी'. आपण त्याला गुळवेलीचा ताजा स्वरस, गव्हांकुराचा रस, कोरफडीचा गर, धारोष्ण दूध किंवा गोमूत्र सांगतो. यांतील प्रत्येकाचे शास्त्रीय गुण आम्हास मान्य आहेत. परंतु हे सर्व अपक्व आहे. त्यात माती, पाणी, शेण वा कास यांतून आलेले काय काय असेल ते डोळ्यांना दिसत नाही. ज्या रुग्णाच्या न्यूट्रोफिल पेशी खालावल्या आहेत, त्याला या काळात कोणतेही न शिजविलेले औषध देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुळवेल द्यावयाचीच असेल तर त्याच्या कर्करोगतज्ज्ञास कळवून क्वाथरूपाने द्यावी. दूध नीट उकळूनच द्यावे. शैवालाच्या काही जाती पाश्चरीकरणाच्या तापमानालाही तग धरतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. दुधातून हा संसर्ग मानवात येतो असे सिद्ध झाले आहे असे नव्हे, परंतु उकळी फुटेपर्यंत थांबण्याने कोणाचेही नुकसान होत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात चिखल व शेवाळ यांनी झाकलेल्या पाण्यास व्यापन्न ठरवून ते उकळून अथवा अन्य प्रकारे तापवून शुद्ध करण्यास सांगितले आहे. हा नियम व्रणप्रक्षालनालाही लागू करावा. क्वाथ त्या त्या दिवशी नव्याने उकळलेला असावा. कालचा उरलेला वापरू नये.

दुसरी गोष्ट व्रणाची. कर्करोगाच्या रुग्णाचा कोणताही व्रण, गाठ अथवा पुरळ दोन आठवड्यांत स्पष्टपणे भरू लागले नाही, तर त्याला विसर्प, कुष्ठ वा दुष्टव्रण अशा नावाखाली आपल्याकडे ठेवून घेऊ नये. बायोप्सी व बुरशीसंवर्धन यांसाठी पाठवावे आणि पत्रात रुग्णाच्या केमोथेरपीचा, शेतीचा व जनावरांच्या संपर्काचा उल्लेख करावा. यास महत्त्व आहे, कारण प्रयोगशाळेत प्रोटोथेका सहज चकवते. त्याच्या वसाहती दोन-तीन दिवसांत वाढतात व यीस्टप्रमाणे मऊ, दुधी दिसतात. संवर्धनमाध्यमात सायक्लोहेक्झिमाइड असेल तर ते वाढतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एका आवरणात अनेक कण गच्च बसलेले, तुतीच्या फळासारखे रूप दिसते, आणि यीस्टप्रमाणे अंकुर फुटलेले दिसत नाहीत. 'शैवालाचाही विचार व्हावा' एवढे एक वाक्य आपल्या पत्रात असेल तर तज्ज्ञ ती काचपट्टी अधिक लक्षपूर्वक पाहील.

तिसरी गोष्ट ज्वराची. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णास १०१ अंश फॅरनहाइट ज्वर एकदा जरी आला, अथवा १००.४ अंश ज्वर तासभर टिकला, तर ती तातडीची अवस्था होय. सुदर्शन घनवटी किंवा त्रिभुवनकीर्ती देऊन सकाळपर्यंत वाट पाहणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. अशा रुग्णाला तासाभरात शिरेतून जंतुघ्न औषध मिळावे लागते. शैवाल असो वा जिवाणू, त्याचा निवाडा रुग्णालयातच होईल.

चौथी गोष्ट संयोगाची. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलचे शोषण होण्यास जठरातील अम्लता आवश्यक असते. त्याच वेळी शंखभस्म, कपर्दिक भस्म यांसारखी अम्लता घटविणारी औषधे दिल्यास ते शोषण कमी होऊ शकते. पिंपळी-मिऱ्यांतील पायपरीन अनेक आधुनिक औषधांची रक्तातील मात्रा वाढविते, म्हणून त्रिकटुयुक्त कल्पही विचारपूर्वकच द्यावेत. ॲम्फोटेरिसिन बी मुळे रक्तातील पोटॅशियम घटते. ज्येष्ठमध अधिक मात्रेत दिल्यासही ते घटते. दोन्ही एकत्र आल्यास हृदयाच्या गतीस धोका संभवतो. 'आमचे औषध निरुपद्रवी आहे' असे रुग्णास सांगण्यापूर्वी तो दुसरे काय घेत आहे, हे विचारले पाहिजे.

औषधनिर्मात्यांस व विक्रेत्यांस

आयुर्वेदीय औषधांतून हा व्याधी पसरतो, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. उत्तम निर्मितिपद्धतींची अनुसूची 'टी' २००० साली आली. आयुर्वेदीय औषधिकोशाने एकूण जिवाणू आणि यीस्ट व बुरशी यांच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. ई. कोलाय, साल्मोनेला यांसारख्या जंतूंसाठी चाचण्याही आहेत. परंतु तपासणीत प्रोटोथेका उगवलेच, तर ते 'यीस्ट' म्हणून मोजले जाईल आणि संख्या मर्यादेत असल्यास माल उत्तीर्ण होईल. निरोगी ग्राहकासाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. कर्करोग्यासाठी ती पुरेशी आहे असे मानून चालणे धोक्याचे आहे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. बाटलीबंद स्वरस आणि शिजविले न जाणारे कल्प तयार करताना पाण्याची टाकी, नळ व गाळणवस्त्र यांची नियमित तपासणी व्हावी. साचलेल्या पाण्याच्या टाकीतील बुळबुळीत थर हे या शैवालाचे आवडते स्थान होय. दुसरे, अशा कल्पांच्या वेष्टनावर 'केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये' ही ओळ ठळकपणे छापावी. तिसरे, विक्रीच्या टेबलावर 'कर्करोगात प्रतिकारशक्ती वाढविते' असे तोंडी सांगून माल खपविणे थांबावे. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तोंडी प्रचारही सदसद्विवेकाच्या कक्षेबाहेर राहत नाही. या संदर्भात काही ग्राहक क्लोरेला व स्पिरुलिना यांच्या गोळ्यांविषयी घाबरून विचारतील. प्रोटोथेका हे क्लोरेलाचे आप्त असले तरी त्या वाळविलेल्या गोळ्यांमुळे हा संसर्ग होतो असे सांगण्यास आधार नाही आणि स्पिरुलिना तर खऱ्या अर्थाने शैवालही नव्हे. तथापि केमोथेरपी घेणाऱ्याने त्या घ्याव्यात की नाही, हा निर्णय त्याच्या तज्ज्ञाचा आहे, विक्रेत्याचा नाही.

दोन आक्षेप

काही मित्र म्हणतील, जन्मभरात एकदाही न दिसणाऱ्या व्याधीसाठी एवढा खटाटोप कशाला? यावर आमचे उत्तर असे की, वर सांगितलेल्या सर्व सावधगिरीचा लाभ केवळ प्रोटोथेकापुरता नाही. दोन आठवड्यांची मर्यादा, उकळलेले पाणी, ज्वराची तातडी आणि संपूर्ण माहितीचे पत्र या गोष्टी कॅन्डिडा, ॲस्परजिलस, क्षय किंवा साध्या जिवाणूंपासूनही त्याच रुग्णाला वाचवितात. हे विरळ शैवाल आपल्या नित्याच्या सवयींची परीक्षा घेते, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे. रुग्णास वारंवार आधुनिक रुग्णालयाकडे पाठविले तर आयुर्वेदाची प्रतिष्ठा काय राहिली? आमच्या मते प्रतिष्ठेस खरा धोका असतो तो उशिराने पाठविलेल्या रुग्णाचा. वेळेवर पाठविलेला रुग्ण परत येतो, अग्निमांद्य, मुखपाक, निद्रानाश व दौर्बल्य यांसाठी आपला सल्ला घेतो आणि चार जणांना आपले नाव सांगतो. असाध्यत्व व मर्यादा ओळखणे हा वैद्याचा गुणच आपल्या संहितांनी मानला आहे.

आमच्या त्या रुग्णाचा मुलगा वर्षभराने भेटावयास आला. त्याने दोष दिला नाही, उलट आमच्यासाठी शेतातील तांदूळ आणले होते. निघताना एवढेच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, त्या दिवशी मी विचारलं ते तुम्हाला आवडलं नव्हतं ना?" त्याला आम्ही काय उत्तर दिले ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या दिवसापासून मात्र आमच्या चिकित्सालयात केमोथेरपी घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर चौदाव्या दिवसाची तारीख लाल शाईने लिहिली जाते. त्या तारखेला व्रण भरू लागलेला नसेल तर पत्र तयार होते आणि रुग्ण त्याच दिवशी पुढे जातो. व्याधीचे नाव त्या दिवशीही आम्हास ठाऊक नसते. त्याची लाज आम्ही बाळगत नाही. परंतु ते शोधण्यास विलंब लावणेही आम्ही सोडून दिले आहे. आमच्या व्यवसायबंधूंनी आपापल्या चिकित्सालयात ही लाल शाईची तारीख सुरू करावी, अशी नम्र विनंती करून हा लेख पूर्ण करतो.